कण्हेरीचं पाणी

भुरीने पाठीची कमान केली, मागचे पाय फरशीवर घासले आणि पुन्हा ओकली. हर्षदा तिला पदराने पुसावं तशी आपल्या फ्रॉकने पुसत होती. मांजरीचे डोळे उघडेच होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. मग एक झटका आला आणि सगळं थांबलं.

"खालना दगानंच दिधं इले जहर," हर्षदाचा बाप योगराज म्हणाला. कडोदऱ्याच्या कारखान्यातून रातपाळी करून तो नुकताच आला होता. केसांत कापसाचं भुसकट तसंच होतं. "परवा बोलना व्हता ना तो? बोंबील चोरस म्हणीसन मारी टाकसू म्हणे."

त्याने दाराआडचा दांडका उचलला आणि जिना उतरला.

"थांब, योगा," म्हातारा उखा लेकाला म्हणाला, तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावर पोहोचलाही होता.

उखाने चाळीस वर्षं कापडाच्या मागावर काढलेली. कान अर्धे गेलेले, पण खालचा पहिला फटका त्याला पायांतून कळला. तो भुरीजवळ वाकला. ओकारीत गुलाबी पाकळी होती.

गॅलरीत पितळेची परात होती. श्रावणी सोमवार म्हणून त्याने काल संध्याकाळीच कुंडीतल्या कण्हेरीच्या कळ्या तोडून पाण्यात सोडल्या होत्या. सकाळी फुलल्या की महादेवाला न्यायच्या. शेजारी मांजरीची वाटी कोरडी ठणठणीत होती. काल हर्षदाने विचारलंही होतं, "आबा, भुरी हे पाणी प्यायली तर?"

"जनावरले समजस, बेटा. गावले बकरीबी कण्हेरले तोंड लावत नही."

पोरीला तो रोज काही ना काही शिकवायचा. आभाळ, बी, मुंग्यांची रांग. तिने त्याचं कधी खोटं मानलं नव्हतं. पण गावची बकरी रानात वाढली होती, आणि भुरी कोसाड वसाहतीतल्या या तिसऱ्या मजल्यावर, पलंगाखाली.

उखाने फडकं घेतलं आणि पाकळी पुसून टाकली. फडकं धुतलं, पिळलं. खालून दगाची किंकाळी आली. पिळलेलं फडकं हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग हर्षदाने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने गुडघ्यावर हात देत जिना धरला.

पहिल्या मजल्यावर माणसं गोळा झाली होती. मधे कुणी पडत नव्हतं. दगा श्रावण पाळत नसे, भर सोमवारी बोंबील भाजायचा. बऱ्याच जणांना त्याचा रागच होता. तो दारात आडवा पडला होता. उजवं मनगट भलतीकडे वळलेलं, कानातून रक्त गळत होतं.

"मी तं तिले रोज बोंबीलना डोका टाकस," दगा म्हणत होता. "बोलस तोंडनी, पन टाकस."

"हाई पहा," योगराजने पायाने एक थाळी पुढे सरकवली. बोंबलाची चार डोकी होती. "जहर लायेल शे." त्याने दांडका पुन्हा वर नेला.

उखा मधे शिरला. फटका त्याच्या खांद्यावर बसला आणि तो भिंतीवर आपटला. ओठ फुटला.

"मन्हा हाते मरनी ती," तो म्हणाला. "कण्हेरनं पाणी पिधं तिनी."

"आबा, त्याले वाचाडासाठे खोटं बोलू नका."

"जुना माणूस आहे, दया येते," मागून कुणीतरी म्हणालं.

उखा थाळीजवळ खाली बसला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. चाळीस वर्षांत श्रावणातला एकही सोमवार मोडलेला नव्हता. त्याने एक डोकं उचललं, तोंडात टाकलं आणि चावलं. काटे हिरडीत घुसले. त्याने दुसरं उचललं. चारही संपवली. योगराजचा दांडका हळूहळू खाली आला आणि फरशीवर पडला.

दगाने डावा हात टेकून मान उचलली.

"उखाभाऊ, जरा लवकर उतरतात तं मन्हा हात वाचता."



दगाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं; पोलीस आले आणि योगराजला घेऊन गेले. ते निघण्याआधी उखाने पोलिसांना परात दाखवली, आणि पाकळी पुसलेलं फडकंही.

दुपारी त्याने कण्हेर मुळासकट उपटली, पानन् पान वेचून पिशवीत बांधली. भुरीमागे एक पिल्लू राहिलं होतं. ते पलंगाखालून बाहेर आलं. हर्षदाने मनी प्लांटची बाटली उचलून विचारलं, "आबा, हे पिल्लाला चालतं?"



"माहीत नही, बेटा. विचारूत कोणले तरी. तवलोंग वर ठेव."

"आणि तुळस?"

"तेबी विचारूत."

पिल्लू त्याच्या मांडीवर चढलं आणि बोटं हुंगायला लागलं. कण्हेर उपटलेले हात त्याने साबणाने तीनदा धुतले होते. तरी उखाने दोन्ही हात वर उचलले आणि पिल्लू झोपेपर्यंत तसेच धरून ठेवले.