पाइनच्या फाट्यावरचा माणूस

शेवटी राहायचं नाही, हा नेम हेनीने नऊ वर्षं पाळला होता. दर शनिवारी ती वेलिंग्टनच्या पश्चिमेला टोरेआ टेकडीवर सायकल घेऊन यायची, देवाचं नाव घेऊन हेल्मेटचा पट्टा आवळायची, आणि दिवसभर म्होरक्या फर्गसच्या मागच्या चाकाला चिकटून असायची. टोळीतले लोक चेष्टा करायचे, की फर्गस धडपडला तर आधी हेनीच्या अंगावर पडेल.

टोळीची रीत साधी होती. फर्गस पुढे. जिथे वाट फुटते तिथे तो एकाला उभं करायचा. उभं राहणाऱ्याने मागून येणाऱ्यांना दिशा दाखवायची, आणि पिवळं जाकीट घातलेला शेवटचा गडी येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्या शेवटच्याला सगळे शेपटी म्हणायचे. शेपटी आली की उभा असलेला तिच्या पुढे निघायचा. समुद्रावरून धुकं चढलं की या टेकडीवर हाताचा पंजा दिसत नाही. कोणी मागे राहू नये म्हणून ही रीत.

फक्त पाइनच्या फाट्यावर फर्गस आता कोणाला उभं करत नसे. तिथे त्याने लाकडी खांबाला बाण ठोकला होता. नऊ वर्षांपूर्वी पेटेरा तिथेच गारठून गेला. पेटेरा म्हणजे हेनीच्या मावशीचा मुलगा, बंदरावर काम करणारा, सव्वीस वर्षांचा. त्या दिवशी तो फाट्यावर उभा होता आणि शेपटी होती हेनी. धुकं आलं, दक्षिणेचा गार वारा सुटला. सकाळी शोधणाऱ्यांना तो त्याच खांबाला टेकून बसलेला सापडला. नारिंगी रेनकोट गळ्यापर्यंत लावलेला, सायकल नीट उभी केलेली.

हेनीने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, की मी त्याला हाक मारली, तो निघालाही, मग बहुतेक काही विसरलं म्हणून परत वर गेला. लोकांनी ते मानलं. रोइमाता मावशीनेही मानलं. ती अजून म्हणायची, "माझं पोर लहानपणापासूनच धांदरट."

त्या शनिवारी पहिली फेरी झाल्यावर सातही जण वरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले. थर्मासमधला चहा निघाला, मटणाचे पॅटिस निघाले. आजची शेपटी डग होता, आणि तो इतका हळू आला की कोणीतरी म्हणालं, मेंढ्या तुला मागे टाकून गेल्या. सिना पहिल्यांदाच आली होती. सामोअन मुलगी, इस्पितळात नर्स, बोलायला मोकळी. पॅटिस खाता खाता तिने विचारलं, "ते नारिंगी रेनकोटवाले दादा चहाला येणार नाहीत का?"

डग म्हणाला, कुठले दादा?

"पाइनच्या झाडांपाशी उभे आहेत ना, ते. त्यांनीच मला डावीकडे जायला सांगितलं."

फर्गसने थर्मासचं झाकण लावलं. बराच वेळ तो ते घट्ट करत राहिला.

"अजून काही म्हणाला?" हेनीने विचारलं. तिचा आवाज मुळातच हळू. सिनाला वाकून ऐकावा लागला.

"विचारलं, आज शेपटी कोण. मी म्हटलं, डगकाका. तर म्हणाले, मग नाही. माझी शेपटी दुसरी आहे."

डगने सांगितलं, की तो त्याच वाटेने सर्वांत शेवटी आला आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. खाली समुद्राच्या बाजूने धुक्याची पहिली पट्टी कड्यावर चढत होती. सिनाला वाटलं आपण काही चुकीचं बोललो, आणि तिने उरलेलं पॅटिस कागदात गुंडाळून ठेवलं.

हेनी उठली. तिने डगपुढे हात केला.

"ते जाकीट दे."

"हेनी, धुकं येतंय," फर्गस म्हणाला. "आपण सगळे गाडीरस्त्याने उतरू."

"तुम्ही उतरा. मी वाटेने येते. शेवटची."

फर्गसने तिच्याकडे नीट पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, बाकीच्यांना घेऊन तो निघाला. खालच्या फाटकाशी थांबतो, एवढंच म्हणाला.

हेनी एकटी वाटेला लागली. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, त्यांची पिवळी फुलं धुक्यात करडी झालेली. समुद्र दिसत नव्हता, पण डाव्या हाताला तो खोल कुठेतरी आपटत होता. तिने मनात प्रार्थना धरली. आजीने शिकवलेली, रोज पहाटेची. अर्ध्यावर शब्द सुटले. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच सुटले.

पाइनची झाडं आली. खांब आला. बाण होता, माणूस नव्हता. मात्र खांबाच्या बुडाशी गवत दाबलेलं होतं, दोन पावलांएवढं, जसं फार वेळ एकाच जागी उभं राहिल्याने दबतं. भोवती सगळीकडे दव होतं. तेवढी जागा कोरडी होती.

ती सायकलवरून उतरली.

"पेटेरा," ती म्हणाली, "मी त्या दिवशी इथे आलेच नव्हते. मला थंडी वाजत होती. वरूनच गाडीरस्त्याने उतरले. वाटलं, तू फर्गसच्या गाडीतून गेला असशील. मग खोटं बोलले." तिने खांबावर हात ठेवला. "तू विसरला नव्हतास. तू जागा सोडली नाहीस, एवढंच. आता मी आले आहे. शेवटची मीच. चल."

काहीच झालं नाही. वाऱ्याने झाडं हलली. मग तिच्या पुढे, धुक्याच्या आत, सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक सुरू झाली, पायडल न मारता उतारावर सोडलेल्या चाकाची असते तशी. पुढेच, कारण रीतच तशी होती.

हेनी सायकलवर बसली. वळण दिसायच्या आधी टिकटिक वळायची, आणि ती त्यामागे वळायची. एकदा ती घाबरून थांबली, तर पुढची टिकटिकही थांबली. तिची वाट बघत. मग तिला भीती वाटली नाही, रडू आलं.

कुंपणाशी मेंढ्या चरत होत्या. त्यांनी माना वर केल्या, कशाला तरी वाट दिली, आणि मग हेनीसाठी बाजूला झाल्या. फाटक सताड उघडं होतं. ती त्यातून बाहेर पडली तेव्हा आवाज नव्हता. फाटक लावायचं काम शेपटीचं. तिने ते लावलं, कडी घातली. बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं, डोक्यावर शिंपडलं, स्मशानातून बाहेर पडताना घरचे सगळे करतात तसं.

फर्गस एकटाच गाडीपाशी उभा होता. तिने त्याला सगळं सांगितलं, दोन-चार वाक्यांत. तो टायरकडे बघत ऐकत राहिला.

"त्या सकाळी त्याला शोधायला वर चढणाऱ्यांत मी पहिला होतो," तो म्हणाला. "खांबापाशी चिखल होता. तुझ्या चाकाची खूण नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील, असं वाटलं."

हेनीने पिवळं जाकीट काढलं, घडी घालून त्याच्या हातात दिलं. मग गाडीत बसून मावशीचा नंबर लावला. मावशीने फोन उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का गं.

"मावशी, घरी आहेस ना? मी येतेय," हेनी म्हणाली. "पेटेरा धांदरट नव्हता. ते सांगायला येतेय."