उसनं नाक

बेकरीवाला एकेकाळी नाकाने पाव भाजायचा. घड्याळाला तो विचारत नसे. वास भरला की भट्टीचं दार उघडायचं, आणि पाव हमखास सोनेरी. मग नाकात द्राक्षांसारखे पॉलिप वाढले नि वासच गेला. दोनदा ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा ते परत आले. तेव्हापासून गल्ल्यावरून बायको ओरडायची, "झालं!" आणि हा दार उघडायचा. अशी सहा वर्षं काढली. पण दुसऱ्याच्या नाकावर किती दिवस जगायचं? शेवटी वैतागून त्याने भट्टी विकायला काढली.

तेवढ्यात नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी नवं इंजेक्शन सुचवलं. "शरीर उगाचच सुजायचे निरोप धाडत राहतं. हे औषध ते निरोपच अडवतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बघू. दर दोन आठवड्यांनी, पोटावर."

"पोटावर?" बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

"ज्यातलं कळत नाही त्यात नाक खुपसू नका," बायको म्हणाली. "आधीच ते चालत नाही."

भट्टीचं गिऱ्हाईक तिने आणखी दोन महिने थांबवून धरलं.

चौथ्या सुईनंतरच्या दुपारी तो पीठ मळत होता. काहीतरी आंबूस आलं. भास असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. मग ओल्या पोत्याचा वास आला, आणि मागोमाग भट्टीतून तो, ओळखीचा, भाजका, गोडसर. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोटात टोचलेलं एवढंसं पाणी, आणि हरवलेलं अख्खं जग परत नाकात शिरत होतं! त्याने धावत जाऊन दार उघडलं. पाव सोनेरी होते.

"अहो, मी कुठे हाक मारली?" बायको आत आली.

"मला आला," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. तो जवळ गेला, हुंगला, आणि गोंधळला. "तुझा तो सेंट? त्याचा वास येत नाही अजून."

"सहा वर्षं लावलाय कुठे? सेंट लावला की पाव कळत नाही."

औषधाचं नवल त्याला आता फार थोडं वाटू लागलं.

"गर्दीतही जात नव्हते. मला सर्दी झाली असती तर भट्टी कुणी बघितली असती?" तिने ॲप्रन सोडून त्याच्या हातात दिला. "उद्या बहिणीकडे जाते, चांगली आठ दिवस. आणि तिथे मनसोक्त सर्दी करून घेणार आहे."