आवाज फाटतोय

बोईसरच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं बॉयलर सांभाळतो. काटा लाल पट्ट्यात गेला की आधी दाब उतरवायचा, मग कारण शोधायचं, एवढीच माझी विद्या. त्यामुळे जमनाआत्याने माझ्या कॉम्प्युटरच्या माइकसमोर तोंड उघडलं आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी टोकापर्यंत लाल झाली, तेव्हा माझा हात आधी दाब उतरवायचा व्हॉल्व्ह शोधायला लागला.

आत्या तारापूरकडच्या किनाऱ्यावरची धवलारीण. ती धवले गायल्याशिवाय आमच्यात नवरीला हळद लागत नाही. पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं, दिशाचं लग्न. आणि येत्या सोमवारी आत्याच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. म्हणून शनिवारी सकाळीच ती रिक्षाने माझ्या खोलीवर येऊन थडकली.

"विनोद, दिशाची हळद धवल्याबिगर नाय लागणार. भर माझा आवाज यंत्रात."

पहिलं रेकॉर्डिंग लावलं. नुसती खरखर.

"आत्या, आवाज फाटतोय," मी म्हणालो. असं बोलायची माझी अक्कल बघा.

"कोणाचा फाटतो? पन्नास वर्सं गाते मी! तुझ्या आईला हळद लागली ती या आवाजावर!"

"तुझा नाही गं. लेव्हल जास्त झाली, माइकला झेपत नाही."

"मंग माइकला सांग. मला कशाला ऐकवतो?"

मी बॉयलरच्या सवयीने लेव्हल पार तळाला नेली. पट्टी हिरवीगार राहिली, माझा जीव भांड्यात पडला. ऐकलं तर आत्या विहिरीच्या तळातून गात होती.

"ही कोण? मेली काय?" आत्याने विचारलं.

मग मला 'आपोआप लेव्हल' अशी एक खूण सापडली. केली. आता आत्याने सूर चढवला की कॉम्प्युटर तिला दाबायचा, आणि ती श्वास घ्यायला थांबली की स्वतःच आवाज वाढवायचा. धवल्याच्या मधोमध पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या भाभींचं "अरे, पानी चला जाएगा, बाल्टी लगा!" अगदी स्वच्छ आलं.

"माझी सासू अशीच होती," आत्या म्हणाली. "मी बोलली का दाबायची, गप बसली का वराडायची."

ती खूण काढली. आत्याला सगळ्यात उंच ओळ म्हणायला लावली आणि पट्टी लालच्या थोडी अलीकडे थांबेल अशी लेव्हल लावली. आता गा म्हटलं तर बाई हटून बसल्या.

"डबड्याला हळद लावू काय? समोर नवरी पायजे."

काय करणार? मी माइक मांडीजवळ ठेवला आणि डोक्यावर टॉवेल घेऊन पाटावर बसलो. बॉयलर ऑपरेटर, वय बेचाळीस, मिशीसकट. आत्या नवरीपासून बसते तशी माझ्यापासून हातभर लांब बसली. माइकला तेवढंच अंतर हवं होतं, हे मला तासभर सुचलं नव्हतं.

ती गायली. पट्टी लालपर्यंत जायची, शिवायची नाही. मी खूश होतो. मग धवल्यात नवरीचं नाव आलं. "दिशा" म्हणताना आत्याचा आवाज चिरकला, थांबला, आणि पुढची ओळ तिने जवळजवळ कुजबुजत पुरी केली.

"आता फाटला काय रे?" तिने विचारलं.

मी टॉवेलमधून पट्टीकडे पाहिलं. "नाय आत्या. हिरवा हाय."

"लबाड. तेवढं परत घे. पोरीच्या लग्नात रडकं नको."

"जागा भरली," मी म्हणालो.

कॉम्प्युटरमध्ये अजून दोनशे लग्नं मावली असती. मला रडू आलं होतं, म्हणून डोक्यावरचा टॉवेल काढायला मी जरा वेळ लावला.