डॉक्टरांच्या स्टुलाचे अडलेले चाक

मित्रांनो, दवाखान्याच्या अडगळीत मोडक्या वजनकाट्याला टेकून पडलेले जुने स्टूल म्हणजे मी. अमेरिकेतल्या डलूथ गावच्या या कर्करोगाच्या दवाखान्यात चौदा वर्षे मी डॉक्टर प्रुइटना बसवले. "काय छान फिरतं!" असे माझे कौतुक होई. फिरत होते हो, पण कुठे? सदान्‌कदा संगणकाकडे! पेशंटला दिसायची ती डॉक्टरांची पाठ. मला अगदी वीट आला होता.

एक्याऐंशी वर्षांच्या आर्डिस टॉलेफ्सनबाई लेकीला, मार्लिसला, घेऊन येत. मासे फसावेत म्हणून गळाला पिसे बांधून त्या खोट्या माश्या करत. सरोवरावरचे कोळी त्या मागून नेत.

डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत मार्लिसला म्हणाले, "जोरदार औषध देऊ. थोडे महिने जास्त मिळतील. बोटं जरा बधिर होतील. सौम्य औषधही आहे, पण..."

"जोरदारच द्या," मार्लिस म्हणाली.

"चालेल ना, मिसेस टॉलेफ्सन?"

पर्सच्या पट्ट्याशी चाळा करणारी बाईंची बोटे थांबली. "चालेल की. तुम्हाला उगाच त्रास नको."

इथली माणसे अशीच! घर पेटले तरी 'तसं बरं चाललंय' म्हणतील. डॉक्टरांनी टाइप केले, पेशंटची संमती. अहो, जरा तोंड तर बघा त्यांचे! पण स्टुलाचे ऐकतो कोण?

औषधाच्या चौथ्या खेपेला बाईंनी डॉक्टरांसाठी एक माशी आणली. ती घ्यायला डॉक्टर वळले, तर ती बाईंच्या बोटांतून निसटली. बाईंना पत्ताच नाही! डॉक्टर पुन्हा संगणकाकडे सरकू लागले, तोच गळ माझ्या चाकात रुतला आणि दोरा आसाला गुंडाळला. मी जागचे हलेना. डॉक्टर बाईंसमोरच अडकले.

त्यांनी वाकून माशी सोडवली. पिसे सुटी झाली होती. "ही तुम्ही बांधलीत?"

"मीच. दोरा हाताला लागतच नाही आता."

"आई, बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? 'चालेल ना' म्हणाले, मी 'चालेल' म्हटलं. मला जास्तीचे महिने नको होते गं. मला माश्या करायच्या होत्या."

डॉक्टरांनी माशी तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "आता कसं करू या? तुम्ही सांगा."

सौम्य औषध ठरले. बोटे पुन्हा जागी होतील का, हे मात्र डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

चाक वाकले म्हणून माझी रवानगी इथे झाली. नवे स्टूल फार छान फिरते म्हणे. ऐकून नुसता संताप होतो.

मित्रांनो, माझे चाक राहू दे. पण घरातले म्हातारे माणूस 'चालेल' म्हणाले, तर लगेच उठू नका. समोर बसा आणि पुन्हा एकदा विचारा.