प्रयागबाईची बॅटरी

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, पण मला म्हातारी म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. पाच-सहा उन्हाळेच तर पाहिलेत मी. शहरातल्या माझ्या बहिणी या वयात अजून नव्या म्हणून मिरवतात. मी मात्र मंगरूळपीरच्या अलीकडे एका वावरात राहते, आणि पांदण रस्त्यावर गाडीचं वय भराभर वाढतं. माझा एकच आरसा उरला आहे. सीट फाटली तेव्हा तिच्यावर गोधडीचा तुकडा शिवला गेला. हॉर्न वाजतो, पण त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही पट्ट्यावरून सरकत असू आणि प्रत्येक माणूस आमच्यात काही ना काही बसवत असे. शेवटी एकाने माझ्या पोटात एक छोटी बॅटरी ठेवली, बटण दाबलं आणि मी पहिल्यांदा आवाज केला. त्या बॅटरीचं मोल तेव्हा मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, सगळी ताकद माझ्या इंजिनाची! पण मित्रांनो, माझ्या पिढीच्या गाड्यांत पेट्रोलसुद्धा विजेच्या जोरावर इंजिनात जातं. बॅटरी मेली की किक मारून पाय दुखतो, एवढंच.

जगदेव मला घेऊन आला ते टमाट्याचं बरं साल होतं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, मग मंगरूळपीरच्या दर्ग्यावर नेऊन आणलं. घरी आल्यावर प्रयागबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्या दिव्यावर हळदीकुंकू लावलं. त्यांची मुलगी अंजू माझ्यावर बसून फोटो काढत राहिली. मी त्या दिवशी लाजले होते, आता सांगायला काय हरकत आहे.

पुढे कामाचे दिवस आले. उजाडायच्या आत वांग्यांचे कट्टे आणि मेथीच्या जुड्या लादून मी मंडईत हर्रासीला, म्हणजे लिलावाला, जायची. चिखलात रुतले, धुळीत माखले, पण रस्त्यात बसले नाही कधी. जगदेव चार माणसांत सांगायचा की ही गाडी नाही, बैलजोडी आहे. हे ऐकलं की माझं इंजिन उगाच जरा जास्त गोड आवाज करायचं.

मग प्रयागबाईच्या किडन्या थकल्या. पाय सुजायला लागले, जेवण जाईना, आणि वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता डाव्या हाताला सुया लावून रक्त मशीनवर धुवावं लागेल, म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, एकही पाळी न चुकवता. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. वावरातल्या घरापासून बसच्या फाट्यापर्यंत चालण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. गोधडीचा तुकडा तिच्यासाठीच शिवला होता. जाताना ती बोलायची, रस्त्यात कोणाच्या वावरात काय लागलंय त्यावर टीका करायची. येताना गप्प असायची आणि जगदेवचा शर्ट मुठीत धरून त्याच्या पाठीवर डोकं ठेवायची. अशा वेळी मी खड्डे चुकवायला जिवाचा आटापिटा करायची, जरी हँडल माझ्या हातात नव्हतं.

इथवर सगळं कसंबसं चाललं होतं. पण आमच्या वावराला रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, आणि रानडुकरांचा फार त्रास. एका रात्रीत ते वाफेच्या वाफे तुडवून जातात. म्हणून जगदेवने कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलं होतं. एके दिवशी त्या मशीनची बॅटरी चोरीला गेली. नवी घ्यायला हातात काही नव्हतं, आणि वांगी तर ऐन तोडणीला आली होती. अंजू अकोल्याला नर्सिंग शिकते, तिचं पूर्ण वर्ष त्या वांग्यांवर होतं. जगदेवने डोकं चालवलं. संध्याकाळी माझी बॅटरी काढायची, झटक्याला जोडायची आणि सकाळी परत माझ्या पोटात घालायची.

मित्रांनो, मला त्याचा राग आला होता. अजूनही आहे. माझी बॅटरी क्षणभर जोर लावून मला उठवायला बनवलेली, आणि तिला रात्रभर कुंपणावर राबवायचं! सकाळी ती परत यायची ती पार गळालेली. तिच्या तोंडांवर, म्हणजे वायर जोडतात त्या टोकांवर, पांढरी बुरशी चढली, पोट फुगलं. बटण दाबलं की मी कण्हायची. जगदेवला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्यापुढे तरी दुसरा मार्ग कोणता होता? त्याच्या एका हाताला बायको होती आणि दुसऱ्या हाताला मुलगी.

आणि मग मशीनच्या पाळीच्या दिवशीच मी बसले. जगदेवने बटण दाबलं, काही नाही. किक मारून मारून तो घामाघूम झाला. उतारावरून ढकललं, तरी नाही. शेवटी त्याने फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून मला जोडली. तीही बारा व्होल्टची, हीही बारा व्होल्टची, असा त्याचा हिशेब. मी एकदा खाकरले आणि गप्प झाले. पंपाची बॅटरी हळूहळू देणारी, माझी भूक एकदम घास घेण्याची. प्रयागबाई ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ऊन ओट्यावर चढलं तशी ती उठली आणि पिशवी खुंटीला अडकवून आत गेली. मशीनची ती पाळी चुकली.

दवाखान्याने तिसऱ्या दिवशी दुपारची पाळी दिली. ते दोन दिवस मला आठवले तरी माझ्या तारा थंड पडतात. तिचा चेहरा सुजला, आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहायची. जगदेव माझ्याजवळ यायचा, उगाच माझी टाकी पुसायचा आणि परत जायचा. ही पाळी चुकली तर काय होईल, ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मलाही नव्हती.

पाळीच्या दिवशी सकाळी शेजारच्या वावरातला हरीओम धावून आला. त्याने मला दोरीने आपल्या गाडीला बांधलं, प्रयागबाईला मागे बसवलं, आणि जगदेव माझं हँडल धरून बसला. दोरीला बांधून बाजारात जायची वेळ माझ्यावर यावी! पण लाज धरण्याइतका वेळ नव्हता. बॅटरीच्या दुकानासमोर आम्हाला सोडून हरीओम निघून गेला, कारण रामनवमीच्या यात्रेसाठी त्याच्या घरचे पोहरादेवीला जायला त्याचीच वाट पाहत होते. सगळा तालुकाच तिकडे निघाला होता. बस तिकडे, ऑटोही तिकडेच.

दुकानदार गोविंदसिंग हा मोजकं बोलणारा माणूस. त्याने माझं बाजूचं झाकण काढलं, फुगलेली बॅटरी पाहिली आणि हिच्यावर काय काय लावता, असं विचारलं. जगदेवने झटक्याचं सांगितलं. मग त्याने काउंटरवर दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक माझ्या मापाची, छोटी, पाणी न लागणारी. ही गाडी लगेच चालू करेल, पण रोज रात्री तारेला जोडाल तर दिवाळी पाहणार नाही, असं तो म्हणाला. दुसरी बरीच मोठी, वर्षाच्या लेकराएवढी जड. ती झटका रात्रभर ओढेल आणि दमणार नाही, पण गाडीच्या डब्यात काही बसणार नाही. पैसे एकीपुरतेच होते.

जगदेव एकदा या बॅटरीला हात लावी, एकदा त्या. शेवटी त्याने तोड काढली. स्टँडवर जाऊन वाशिमच्या बसमध्ये जागा मिळते का पाहतो, असं तो बायकोला म्हणाला. जागा मिळाली तर ती बसने जाईल, मग मोठी घेऊ. नाही मिळाली तर गाडीची घेऊ. मी येईपर्यंत थांब, म्हणून तो पळत सुटला.

पैसे प्रयागबाईच्या कमरेच्या पिशवीत होते. तो वळणावर दिसेनासा झाला आणि तिने पिशवी सोडली.

“हे मोठी द्या, भाऊ,” ती म्हणाली.

गोविंदसिंगने तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना येऊ द्या, असं त्याने सुचवून पाहिलं. तिने मान हलवली आणि पैसे काउंटरवर ठेवले.

मला सगळं कळलं, मित्रांनो. आज बस रिकामी नसणार, हे तिला पक्कं माहीत होतं. माझ्या मापाची बॅटरी घेतली नाही तर मी चालणार नाही, आणि मी चालले नाही तर जगदेव तिला नेऊ शकणार नाही. तिने बॅटरी निवडलीच नव्हती, तिने आपलं नाव कापलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कशी? हॉर्नलाही बॅटरीच लागते.

जगदेव धापा टाकत आला. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, म्हणत त्याने खिशातून रुमाल काढला आणि तेवढ्यात त्याची नजर पायरीवर गेली. पायरीवर मोठी बॅटरी होती आणि तिच्या शेजारी प्रयागबाई बसली होती.

“हे काय केलं तूनं? हे गाडीत नाई बसत.”

“मले मालूम हाये.”

“मंग?”

“मले वाशिमले नाई जायचं आता. आजही नाई अन् पुढंही नाई. तुमी वावर राखा. अंजूचं शिक्षण पुरं होऊ द्या. मायं काय, मशीनवर जीव टांगून किती दिवस काढता?”

जगदेव तिच्या शेजारी बसला, दोघांच्या मध्ये ती बॅटरी. रस्त्यावरून भोंगे वाजवत पोहरादेवीच्या गाड्या जात होत्या. त्याने रुमाल तोंडावर धरला आणि त्याचे खांदे हलू लागले. तो रडत होता, भर बाजारात, आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती. प्रयागबाई त्याच्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर तिचा निर्धार टिकला नसता, असं मला वाटतं.

मग तो उठला. गोविंदसिंगकडून त्याने वायरचे दोन लांब तुकडे मागून घेतले. माझ्या डब्यात जिथे छोटी बॅटरी बसायची तिथून वायर बाहेर काढल्या आणि सीटवर आणल्या. मोठी बॅटरी पोत्यात गुंडाळून त्याने सीटच्या मध्यावर ठेवली, दोरीने आवळली. तोंडांवर ट्यूबचे तुकडे चढवले. गोविंदसिंगने वाकून जोडणी पाहिली, एक गाठ घट्ट केली, आणि गाडी सावकाश न्या म्हणाला.

“अंजूची माय, बस,” जगदेव म्हणाला. “मी समोर बसतो. मधात हे. तू मांगून धर, उजव्या हातानं. सुईच्या हाताले भार नको देऊ.”

“मी नाई येत म्हटलं ना.”

“तू घेतली ना हे? मंग तुलेच धरा लागते. एकट्याले मले नाई जमत.”

ती उभीच राहिली. तेव्हा जगदेव जे बोलला ते त्याने मान खाली घालून, माझ्या टाकीकडे पाहत म्हटलं.

“वांगे तं पुन्हा लावता येते. तुयं रोप कुठं भेटते मले?”

प्रयागबाईने पदराने चेहरा पुसला. मग ती माझ्या पायदानावर पाय ठेवून चढली, हळूहळू, दम खात. उजवा हात तिने पोत्याभोवती टाकला. जगदेवने बटण दाबलं. मित्रांनो, इतक्या जोराचा घास मी जन्मात घेतला नव्हता. मी पहिल्याच झटक्यात उठले.

वाशिमचा रस्ता मी कसा कापला ते मलाही सांगता येणार नाही. पाळीची वेळ टळत चालली होती. वायर तापल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला ती बॅटरी हलायची आणि प्रत्येक खड्ड्याला प्रयागबाईचा हात तिला आवळायचा. जगदेव सारखा मागे विचारत होता, धरलं ना, आणि ती दर वेळी हो म्हणत होती. कधी आवाज इतका बारीक यायचा की माझ्याच इंजिनाचा मला राग येई. दवाखान्याच्या दारात त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून आत नेलं. मशीन अजून मोकळं होतं.

मी निंबाखाली उभी राहिले. बॅटरी पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून जगदेवने ती सोडून आत नेली, तेव्हा मी परत मुकी झाले. दिवस कलायला लागला तेव्हा ती दोघं बाहेर आली. तिची सूज उतरली होती, पण चालताना ती भिंतीला हात लावत होती. जगदेवने बॅटरी सीटवर बांधली. त्याने काही म्हणायच्या आत ती मागे बसली, आणि तिने स्वतःहून हात टाकून पोतं जवळ ओढलं.

“चाला,” ती म्हणाली. “सांजेआधी झटक्याले जोडा लागते हे.”

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी असेल तर तिच्या बॅटरीची तोंडं पुसत जा आणि तिच्या वाट्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. पण घरातलं कोणी माणूस आपलं नाव गुपचूप कापून ‘मला काही नको’ म्हणायला लागलं, तर त्याला समजावत बसू नका. मागे बसवा, काहीतरी जड त्याच्या हाती द्या, आणि तुम्ही धरल्याशिवाय आम्हाला जमत नाही, असं सांगा.