दाढदुखीची फाईल

साहेबांना तारखा लक्षात राहत नसत. नावं तर त्याहून नाही. माणूस आर्किटेक्ट, हुशार, दिवसभर कानाला फोन आणि बगलेत नकाशाची गुंडाळी. कुठल्या इमारतीच्या जिन्याला वारा कुठून येतो ते झोपेत सांगतील. पण अमुक पत्र कोणाचं आणि कधी आलं असं विचारलंत, की चेहरा असा करायचे, जसं काही तुम्हीच आगाऊपणा केलात. ते कागद मागायचे ते असे: "बाई, माझी दाढ ठणकत होती बघा, तेव्हा एक नकाशा परत आला होता. तो द्या जरा."

आता ह्याला काय कागद मागणं म्हणायचं? पण बाई उठायच्या आणि नेमका तोच कागद हातात आणून द्यायच्या.

बाई म्हणजे साहेबांच्या सेक्रेटरी. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी शहाण्या माणसासारखं सगळ्या फायली नावांप्रमाणे लावल्या होत्या. आठवडाभर साहेब कपाटासमोर उभे राहायचे आणि हात हलवत परत जायचे. शेवटी बाईंनी कपाळाला हात लावला, सगळं खाली उतरवलं, आणि साहेबांच्या डोक्यात कागद जसे लागले होते तसेच कपाटात लावून टाकले. प्रत्येक फाईलच्या पाठीवर पांढरी पट्टी आणि तिच्यावर बाईंचं ठसठशीत अक्षर. 'दाढदुखी'. 'लिफ्ट बंद होती तेव्हा'. 'धाकटीची परीक्षा'. 'ड्रायव्हरचं लग्न'. 'खिडकीत मांजर व्याली'. बाहेरच्या माणसाला वाटावं, ऑफिस आहे की कोणाच्या घरची अडगळीची खोली! वाटू दे. काम कधी अडलं नाही.

पण आता बाईंनाच निघायचं होतं. लांब राहणाऱ्या लेकीला जुळं झालं होतं आणि ती बिचारी एकटी मेटाकुटीला आली होती. इकडे बाईंचे यजमान रोज टोचून विचारत, "आत्ता निघायचं, की जुळी कॉलेजात गेल्यावर?" बाईंनी राजीनामा लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला, "हं" म्हणाले आणि सही केली. तेवढ्यात फोन वाजला. संपलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीला एक 'हं'.

जागेवर नवी आली. दोन पोरांची आई, केस आखूड, कामाला चटपटीत. बाईंनी कपाट उघडलं तशी ती पट्ट्या वाचत गेली आणि मटकन खुर्चीत बसली.

"बाई, मांजर कधी व्याली हे मला कसं कळायचं?"

बरोबरच होतं तिचं. मग दोघींनी जमिनीवर बैठक मारली आणि कपाट नव्याने लावायला घेतलं. बाई फाईल उघडून सांगायच्या, ती नाव आणि तारीख घालून नवी पट्टी चिकटवायची. काम सोपं, पण हात पुढे सरकतील तर शपथ! प्रत्येक पट्टीमागे काहीतरी निघायचं. लिफ्ट बंद होती तेव्हा साहेब इमारतीचं अख्खं मॉडेल डोक्यावर घेऊन सात मजले चढले होते. ड्रायव्हरच्या लग्नात नवरदेवालाच गाडी चालवावी लागली होती. नवी हसून हसून लोळायची. हसता हसता एकदा तिने विचारलं, "पण बाई, ह्यात तुमचं काय आहे?"

"माझं काय असायचंय?"

"अहो, ड्रायव्हर आहे, मांजर आहे, झेरॉक्सवाल्याचा मोडलेला पायसुद्धा आहे. तुमच्या लेकीचं लग्न कुठे आहे?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी हजर होते ना. मग कशाला लक्षात राहील?" बाई म्हणाल्या आणि पुढची फाईल ओढली.

पण लागलं हो. लपवायचं कशाला, चांगलंच लागलं. साहेबांच्या डोक्यात मांजराला जागा आणि आपल्याला नाही? घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू कधी आजारी पडलीस? कधी रुसून घरी बसलीस? माणसाने लक्षात ठेवावं तरी काय?" वर स्वतः उठून चहा टाकला, म्हणून बाईंनी भांडण केलं नाही.

शेवटच्या दिवशी बाई वाट बघत बसल्या. साहेब साइटवरून आले ते धुळीने माखून. टेबलाशी उभे राहिले, नुसतेच.

"काही हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे... नाही." आणि फोन वाजला. बाईंनी किल्ल्या नवीच्या हातात दिल्या, पर्स उचलली आणि लिफ्टमध्ये शिरून रडून घेतलं. एक शब्द बोलला असता माणूस, तर काय बिघडलं असतं?

यजमानांसह लेकीकडे पोचल्यावर मात्र रडायलाही फुरसत नव्हती. एकाला निजवावं तर दुसरं उठायचं. अशाच एका दुपारी एक मांडीवर, दुसरी पाळण्यात, आणि नवीचा फोन आला.

"बाई, मी रडकुंडीला आलेय! नावाने लावलंय सगळं, तारखा घातल्यात. साहेब विचारतात भलतंच. परवा म्हणाले, बाई गेल्या त्या दिवशीचं पत्र द्या."

"अगं, गेल्या काय म्हणतेस, धडधाकट आहे मी!"

"मी नाही, साहेबच म्हणतात तसं. ते पत्र सापडलं, तारीख मला माहीत होती. काल म्हणाले, बाई गेल्यावर चहा कडू व्हायला लागला, तेव्हाचं बिल. तेही सापडलं. पण आज मागताहेत ते कुठे शोधू? मी दहादा विचारलं, तेच तेच सांगताहेत."

"काय सांगताहेत?"

"म्हणे, बाई जाणार म्हणून मला झोप लागत नव्हती, तेव्हा आलेलं मंजुरीपत्र. हे कधीचं हो बाई?"

मांडीवरच्या पोरीने त्यांची बांगडी धरून ठेवली होती. लाइन तुटली की काय म्हणून नवी हॅलो हॅलो करत राहिली.

"राजीनामा दिला, त्या आठवड्यातलं," बाई शेवटी म्हणाल्या. "शाळेच्या इमारतीचं. कपाटाची डावी बाजू, वरून दुसरा कप्पा."

"सापडलं! बाई, देवासारख्या आहात. आणि ह्याची पट्टी कशी लिहू? शाळेच्या नावाने राहू दे?"

"नको," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले ना, तश्शीच लिही. जरा मोठ्या अक्षरात."

फोन ठेवल्यावर यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं. "काय झालं गं? डोळे का पुसतेस?"

"काही नाही. ऑफिसातून होता फोन," बाई म्हणाल्या आणि पाळण्यातलीला उचलायला उठल्या.