वन्संची ॲलर्जी, वहिनींची पट्टी

वन्संना सुक्या मेव्याची ॲलर्जी होती आणि घरचे सोडून सगळ्यांपासून ती त्या जिवापाड लपवत. काजूचा एक तुकडा पोटात गेला तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास घ्यायची मारामार व्हायची. इंजेक्शनचं पेन कायम पर्समध्ये असे, पण रुमालात गुंडाळून. वन्संचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. भर चौकात ट्रकवाल्याला काच खाली करायला लावून झापणारी बाई ताटातल्या काजूला घाबरते, हे लोकांना कळलं तर आपली काय पत राहिली, असं त्यांना वाटे. त्यामुळे कुठेही जेवायला गेल्या, की "आज जरा पोट बरं नाही" म्हणून मोकळ्या होत.

परदेशातल्या रिसॉर्टची सहल मुळात वहिनी आणि त्यांच्या नवऱ्याची. नवरोबा ऐनवेळी ऑफिसात अडकले आणि म्हणाले, "बुकिंग वाया कशाला घालवतेस? माझ्या बहिणीला घेऊन जा." नणंद-भावजयीचं पटायचं, पण बेताचंच. तरी दोघी निघाल्या.

रिसॉर्टमध्ये शिरताच मनगटाला निळी पट्टी बांधली. ती दाखवली, की खाणंपिणं सगळं पॅकेजमध्ये. जेवणाच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पदार्थ मांडलेले. वहिनींच्या तोंडाला पाणी सुटलं, वन्संनी पर्स घट्ट धरली.

"आधी विचारू या," वहिनी म्हणाल्या.

"काही नको. मी बघून खाईन."

"सॉसमध्ये वाटून घातलेला बदाम बघून दिसतो का तुम्हाला?"

वहिनींनी वेटरला बोलावलं. फोनवर त्याच्या भाषेत भाषांतर करून दाखवलं. त्याने ते वाचलं आणि फोन छान आहे अशी खूण केली. "यात अक्रोड आहे?" वहिनींनी बोट दाखवून विचारलं. त्याने हसून मान डोलावली. "यात अक्रोड नाही ना?" त्याने तितक्याच प्रेमाने मान डोलावली.

वहिनी उठल्या आणि तडक स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या. पावसाच्या थेंबापासून सिंहापर्यंत सगळं करून दाखवण्यात हयात गेलेली. मिशाळ, गरगरीत मुख्य आचाऱ्यासमोर त्यांनी वाडग्यातला एक अक्रोड उचलला, खाल्ल्यासारखं केलं, गळा धरला, डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली आणि फ्रिजला टेकून हळूहळू खाली घसरल्या. बालवाडीत यावर टाळ्या पडल्या असत्या. इथे आचाऱ्याच्या हातातला डाव पडला.

वहिनी हसत उठून बाहेर वन्संकडे बोट दाखवेपर्यंत नर्स येऊन ब्लडप्रेशर तपासायलाही लागली होती. "मी नाही हो, त्या!" हे मराठीतलं वाक्य कुणाच्याच कामाचं नव्हतं. निळ्या पट्टीशेजारी वहिनींच्या मनगटाला ॲलर्जीवाल्यांची लाल पट्टी बांधली गेली.

"आता चला आणि सांगा, की ॲलर्जी तुम्हाला आहे," वहिनी टेबलाशी येऊन कुजबुजल्या.

"इतक्या लोकांत? अजिबात नाही. शिवाय पट्टी तुम्हाला शोभतेय."

"अहो, पण मला आता गवत खायला घालतील!"

यावर वन्संनीच तोड काढली. आचारी वहिनींसाठी वेगळ्या भांड्यात शिजवलेली, झाकलेली प्लेट पाठवी, ती गुपचूप वन्संकडे सरके. वन्सं बुफेतून स्वतःच्या नावाने जे भरून आणत, ते वहिनी खात. दोघी खांब बघून त्याच्या आडचं टेबल धरत. शाळेत डबे बदलणाऱ्या पोरींसारख्या त्या खुसुखुसू हसायलाही लागल्या. इतक्या वर्षांत दोघी इतकं हसल्या नव्हत्या.

अडचण एवढीच, की आचाऱ्याचा वहिनींवर जीव जडला. वहिनी आइस्क्रीमच्या काउंटरपाशी दिसल्या, की तिथला माणूस लाल पट्टी बघून डबाच बंद करी. आचारी तर मधूनच टेबलाशी येऊन उभा राही. मग वहिनींना तो बघत असताना झाकलेल्या प्लेटमधलं दुधी रंगाचं काहीतरी मिटक्या मारत खावं लागे, आणि समोर वन्संच्या पोटात कावळे ओरडत.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आचारी स्वतः केक घेऊन आला. बिनमेव्याचा, खास वहिनींसाठी केलेला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी भारावून गेल्या, आभार मानायला मान लववली, आणि त्या गडबडीत सवयीने वन्संच्या प्लेटमधला अक्रोडाचा केक उचलून तोंडात टाकला.

आचारी किंचाळला. त्याने प्लेट हिसकावली, ग्लास लवंडला, खुर्ची पडली. नर्स डबा घेऊन धावत आली, मागून चाकांची खुर्चीही आली. वहिनी "काही नाही झालेलं मला!" म्हणून दोन्ही हात हलवत होत्या; पण पहिल्या दिवशी त्यांनी सोंग इतकं उत्तम वठवलं होतं, की आता त्यांच्या ठणठणीतपणावर कोण विश्वास ठेवणार? आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नर्सने इंजेक्शन बाहेर काढलं.

"थांबा!" वन्सं ओरडल्या. अख्खा हॉल थांबला. चौकातला आवाज होता तो.

त्यांनी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि इंजेक्शनचं पेन सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. मग अक्रोडाकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, दोन्ही हातांनी गळा धरला आणि डोळे पांढरे केले. वहिनींइतकं सफाईदार नव्हतं, जीभ तर भलत्याच बाजूला गेली. पण आचाऱ्याला कळलं. त्याने वहिनींकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि त्याची ढेरी गदगदा हलायला लागली. हसता हसता तो त्याच चाकांच्या खुर्चीत बसला. वहिनींच्या हातातली लाल पट्टी कापून त्याने नवीन पट्टी वन्संच्या मनगटाला बांधली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वन्सं कानापर्यंत लाल झाल्या, पण कुणीच त्यांना हसत नव्हतं.

नर्सने वन्संना हात धुवायला पाठवलं. आचाऱ्याने टेबल पुसून घेतलं, स्वच्छ ताटली आणवली आणि केकची मोठी फोड त्यांच्यासमोर ठेवली. बाहेरचा केक वन्संनी कॉलेजनंतर खाल्लाच नव्हता. बघता बघता त्यांनी ती फोड संपवली.

"कसाय?" वहिनींनी विचारलं.

"बरा आहे," वन्सं म्हणाल्या आणि दुसरी फोड ओढली.

"मला जरा चव तरी द्या."

"आधी तोंड धुऊन या, अक्रोड खाल्लायत तुम्ही," वन्सं ताटली जवळ घेत म्हणाल्या. "आणि सावकाश या. घाई नाही."